घोडीच्या शेपटीतलं व्हायोलिन

सोमाजी गुरुजींना पोचवून आम्ही परत आलो, दारातल्या बादलीतलं पाणी पायावर घेतलं, कडुलिंबाचं पान चावलं, आणि ते कडू तोंडात असतानाच मी खोटं बोललो.

गुरुजींच्या बायको गिरजाबाई ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडून झालं होतं. मला पाहून म्हणाल्या, "हेमराज, तेरवीले तू व्हायलीन वाजवशील ना? भजनवाले येतीलच. पण गुरुजी सांगून गेले, हेमराजले वाजवाले लावजो मनून."

"वाजवतो ना बाई."

"हात चालू हाये ना तुझा?"

"रोज सकाळी एक तास," मी म्हणालो.

माझी बायको रंभा शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, तिला हुंदका आला. दिवाळीनंतर मी व्हायोलिनची पेटी उघडली नव्हती, आणि तेव्हा मे महिना चालू होता.

मी मूल गावातल्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर आहे. काचेच्या नळ्या धुतो, कपाटांना कुलपं लावतो, पोरांनी सांडलेलं पुसतो. पण नातेवाइकांत, आणि विशेष करून स्वतःच्या मनात, मी व्हायोलिनवादक आहे. आमचं गाव पोंभुर्ण्याच्या अलीकडे, तलावाच्या पाळीला लागून. घर मासोळीवर चालायचं. बाप जाळं टाकायचा, भाऊ अजून टाकतो. गुरुजी तिथल्या शाळेत शिकवायचे आणि शाळा सुटली की पाळीवरच्या चिंचेखाली बसून व्हायोलिन वाजवायचे. मी सातवीत असताना त्यांनी ते माझ्या हनुवटीखाली ठेवलं आणि पुढची आठ वर्षं काही काढू दिलं नाही.

त्यांच्याकडे एक व्हायोलिन होतं, एक गज होता, आणि बामच्या रिकाम्या डबीत राळेचा एक खडा होता. गज म्हणजे व्हायोलिनच्या तारांवर फिरवायची काडी. तिला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात. त्या केसांना राळ घासली की ते तार पकडतात आणि आवाज निघतो. गुरुजींचं सगळं सामान एवढ्यात संपायचं.

माझं सांगायला जरा वेळ लागेल.

माझ्याकडे व्हायोलिनं दोन. एक लाकडी, नागपूरहून आणलेलं. दुसरं विजेवर चालणारं. त्याला पोट नाही, पाठ नाही, नुसती चौकट. रंभा त्याला हँगर म्हणते, आणि एकदा घाईत तिने माझा ओला शर्ट खरोखरच त्यावर टाकला होता. गजही दोन, एक लाकडाचा आणि एक कार्बनचा, कारण दुकानदार म्हणाला होता, "याले कीड लागत नाई, हा वाकत नाई, लाइफटाइम." खांद्याला लावायच्या पट्ट्या तीन, खांदे दोनच असताना. राळ उन्हाळ्याची वेगळी, पावसाळ्याची वेगळी. सूर जुळवायचा एक चिमटा आहे, तो हिरवा दिवा लावून 'बरोबर' म्हणतो. मला बरोबर म्हणणारी घरातली ती एकमेव वस्तू. पायाने दाबायची एक डबी आहे, ती दाबली की गुहेत बसून वाजवल्यासारखं वाटतं. मग स्पीकर, वायरींचं बोचकं, आणि पेटीतल्या हवेचा ओलावा मोजणारं एक घड्याळ, ज्याचा काटा मूलच्या उन्हाळ्यात मान टाकून पडलेला असतो.

यातली एकेक वस्तू घेताना मला वाटायचं की माझं वाजवणं एवढ्या एका वस्तूपायी अडलं आहे. वस्तू घरी यायची. वाजवणं जिथं बसलं होतं तिथंच बसून राहायचं, पाय पसरून.

दिवाळीत आमच्या गाण्याच्या पार्टीतल्या कीबोर्डवाल्या प्रफुलने ते उठवायचा नादच सोडवला. मी मागच्या खुर्चीवर वायरी जोडत होतो. तो प्रेमाने म्हणाला, "काका, तुमी आराम करा ना. माह्या कीबोर्डात एक्केचाळीस नंबरले व्हायलीन हाये." आणि बटन दाबून वाजवून दाखवलं. माझ्यापेक्षा चांगलं होतं. घरी आलो, पेटी कपाटात ठेवली, वर गोधड्या रचल्या.

तेरवी रविवारी होती. पहिले आठ दिवस मी जोरात तयारी केली, म्हणजे व्हायोलिन सोडून सगळं केलं. चिमट्याचा सेल बदलला. वायरी ओल्या फडक्याने पुसल्या. स्पीकर उन्हात ठेवला, मग ऊन फार म्हणून सावलीत ठेवला. पांढरा कुर्ता इस्त्री केला. नवव्या दिवशी, बुधवारी, करण्यासारखं दुसरं काहीच उरलं नाही तेव्हा गोधड्या खाली उतरवून पेटी उघडली.

लाकडी गज उचलला. काडी हातात आली, केस पेटीतच राहिले.

कार्बनचा उचलला. तसंच. काडी मात्र ठणठणीत होती. दुकानदार खरं बोलला होता. कार्बनला कीड लागली नव्हती. कीड केसांना लागली होती. मखमलीत दोन-चार बारीक, केसाळ अळ्या निवांत फिरत होत्या, पोट भरलेल्या पाहुण्यांसारख्या.

रंभा दारात येऊन उभी राहिली. "अजी, रोज सकाळी एक तास वाजवत होते ना तुमी?"

मी पेटीचं झाकण लावायला गेलो.

"मंग ह्या अळ्या ऐकत बसत होत्या का?"

तिला हसू आवरेना, पण बाई माझ्यापेक्षा शहाणी. हसून झाल्यावर तिनेच तोड काढली. माहेर तिचंही मासोळीवालं. घरात जाळं विणायच्या तंगुसाचं रीळ होतंच. तो नायलॉनचा धागा पांढरा, गुळगुळीत, ताणला तरी तुटत नाही. आम्ही दोघांनी बसून त्याचे शंभरेक धागे कापले आणि काडीला ताणून बांधले. दिसायला गज अगदी नव्यासारखा झाला. मी व्हायोलिन खांद्यावर घेतलं, डोळे मिटले, गज ओढला. काहीच झालं नाही. तंगूस तारेवरून बर्फावरून घसरल्यासारखा गेला. मग मी उन्हाळ्याची राळ घासली, पावसाळ्याचीही घासली आणि सगळा जोर लावून ओढला. एक शिट्टी निघाली.

भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "रंभा, कुकर उतरव वो."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी एक अळी काचेच्या नळीत घालून नेली. परीक्षा चालू होत्या, प्राणिशास्त्राच्या डिंपल मॅडम मोकळ्या बसल्या होत्या. त्यांनी अळी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि खूश झाल्या. "अरे वा! आपल्या कपाटातले पेंढा भरलेले पक्षी खाणारी हीच ती. कुठे सापडली?"

"शेजाऱ्याकडे. एका पेटीत."

"केस, पिसं, लोकर खाते. पण हिला अंधार लागतो आणि शांतता लागते. रोज हलणाऱ्या वस्तूला ही शिवत नाही. चांगली सहा महिने बंद असणार पेटी." मग त्यांनी मान वर केली. "तुम्ही जपा हं हेमराजभाऊ. गजाला केसच असतात ना? पण तुमचा रोजचा रियाज, तुम्हाला काय धोका!"

मी नळी धुऊन टाकली.

नागपूरच्या दुकानात फोन केला. गजाला केस बसवणारा माणूस लग्नाला गावी गेला होता, आठवडाभराने येणार होता. मोबाइलवर केस मागवून पाहिले, तर घरपोच यायची तारीख तेरवीनंतरची. शेवटी बल्लारपूरच्या मन्सूरभाईंना फोन लावला. ते हार्मोनियम आणि तबले दुरुस्त करतात. वीस वर्षांची ओळख.

"मन्सूरभाई, घोडीचं काम आहे."

"पडली का? ती तो पाच मिनिटाचं काम आहे, घेऊन या."

त्यांना वाटलं, व्हायोलिनवर तारांखाली जी लाकडी पट्टी उभी असते ती. तिलाही आम्ही घोडीच म्हणतो.

"ती नाही. चार पायांची."

 मग मी सगळं सांगितलं. या माणसाशी मी खोटं बोललो नाही, कारण त्यांनी माझं वाजवणं ऐकलेलं आहे. ते म्हणाले, "गजाचं काम कभी केलं नाई. पण खोलून पाह्यलं का समजते. केसांचं तुमी पाहा. आमच्याइथं लटारू हाये, लग्नाले घोडी देते. उद्या या, मी संगं चालतो."

शुक्रवारी सकाळच्या गाडीने बल्लारपूर गाठलं, व्हायोलिनची पेटी मन्सूरभाईंच्या घरी ठेवली. लटारू गावाबाहेर राहत होता. साठीचा, वाळका माणूस, बोलणं सावकाश. त्याची पांढरी घोडी चांदणी कडुलिंबाखाली उभी राहून शेपटीने माशा हाकलत होती. ती शेपटी पाहून माझं काळीज हललं. दीड-दोन हात लांब, पांढरीशुभ्र, आणि एकही अळी नाही.

पण मी अभ्यास करून आलेला माणूस. मोबाइलवर वाचलं होतं की गजाला नराचेच केस चांगले, मादीची शेपटी भिजते म्हणून केस कच्चे होतात. मी घसा साफ करून विचारलं, "घोडा नाही का तुमच्याकडे?"

लटारूने माझ्याकडे निरखून पाहिलं. "भाऊ, नवरदेवाले घोड्यावर बसवून पाहा एकदा. रस्त्यात एखादी घोडी दिसली का नवरदेव सीधा जंगलात. मंडपात काय करवलीले उभी करसाल?"

मन्सूरभाई रस्त्याकडे पाहत खोकले. मी म्हणालो, घोडी चालेल.

"किती केस पाहिजे?"

"दीडशे-पावणेदोनशे. लांब."

"नाई जमत," लटारू म्हणाला. "शेपटी म्हणजे तिची शोभा. नवरदेवाचं तोंड तर फुलांनी झाकलं राह्यते. लोकं घोडीच पाह्यते."

मी गुरुजींचं सांगितलं. तेरवीचं सांगितलं. पैसे विचारले, तर त्याने हातानेच नाही म्हटलं. मग स्वतःच बोलला. "उद्या पोंभुर्ण्याले वरात हाये, साडेअकराचं लग्न. माहा लगाम धरणारा माणूस ऊन लागून पडला. मी धरतो तर छत्री कोण धरंल? तुमी लगाम धरा. वरात मंडपात पोचली का केस तुमचे. आतून आतून काढून देतो, दिसणार नाई."

"मी व्हायोलिनवादक आहे हो," मी म्हणालो. माझ्या आवाजात जरा दुखावलेपण होतं.

"मंग हात नरम असतील. तिले नरम हातच लागते."

शनिवारी सकाळी 'छोटा हत्ती' टेम्पोच्या मागे चांदणीशेजारी उभा राहून मी पोंभुर्ण्याला पोचलो. पडलेल्या माणसाचा लाल कोट मला घालायला दिला गेला. तो माणूस बारीक असणार. बटनं माझ्या पोटाला पाहून परत फिरली. डोक्याला केशरी फेटा बांधला. मनात म्हटलं, इकडचं गाव सोडून इतकी वर्षं झाली, पोंभुर्ण्यात मला कोण ओळखतं?

पहिल्याच वळणावर कॉलेजातली तीन पोरं दिसली. त्यांनी आधी नमस्कार केला, मग मोबाइल काढला.

वरातीच्या पुढे धुमालचा ट्रक होता, ढोल, ताशे, भोंगे आणि वर उभी माणसं. त्या ट्रकवर कीबोर्डसमोर प्रफुल होता. लग्नसराईत तो धुमालमध्ये वाजवतो हे मला माहीत होतं. माझ्या डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे. त्याने मला पाहिलं, वाजवता वाजवता वाकला आणि ओरडला, "काका! तुमी? व्हायलीन कुठी हाये?"

एवढ्या गलक्यात काय समजावून सांगणार? मी अंगठा मागे करून ओरडलो, "शेपटीत!"

त्याला काय समजलं देव जाणे. पण पोरगा मनाचा मोठा. त्याने माइक ओढला आणि सगळ्या पोंभुर्ण्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "आपल्या हेमराजकाकांसाठी एक पीस!" आणि एक्केचाळीस नंबर दाबला.

व्हायोलिनचा तो आवाज भोंग्यांतून आला आणि चांदणीने कान टवकारले. तिला शिकवलेलं होतं, ताशा थांबून गोड सुरावट लागली की नाचायचं. तिने पुढचा एक पाय उचलला, मग दुसरा, मग मान घातली डावीकडे. लगाम माझ्या हातात दोनदा गुंडाळलेला होता, त्यामुळे मीही डावीकडे गेलो. मग उजवीकडे. नवरदेव तिच्या मानेला मिठी मारून "काका, थांबवा! काका!" म्हणत होता. लटारू छत्री सांभाळत मागून सांगत होता, "सोडू नका, सोडू नका, तिच्या संगं नाचा!" बाया टाळ्या वाजवू लागल्या. मी छप्पन वर्षांचा माणूस, गुरुजींचा पट्टशिष्य, कीबोर्डातल्या व्हायोलिनवर घोडीसोबत नाचलो. आणि खरं सांगतो, मोबाइलवर नंतर पाहिलं, ताल चुकलेला नाही.

मंडपात पोचल्यावर लटारूने शब्द पाळला. चांदणीला चणे दिले, शेपटी उचलली आणि आतल्या बाजूने इथून चिमूटभर, तिथून चिमूटभर असे केस कैचीने काढले. तिला कळलंही नाही. माझ्या रुमालात ते बांधून देताना म्हणाला, "वाजवाल ना भाऊ? नाई तर उगाच काढले मनून वाईट वाटंल."

"वाजवतो," मी म्हणालो. पंधरवड्यातलं हे माझं पहिलं खरं वाक्य असावं अशी माझी इच्छा होती.

दुपारी मन्सूरभाईंच्या घरी पोचलो. ते म्हणाले, आधी केस धुवा लागतील, तेल आणि धूळ राहिली तर राळ धरणार नाही. त्यांच्या बायको आबिदाबाई आतून शॅम्पूची बाटली घेऊन आल्या, केस कुणाचे ते ऐकलं, आणि बाटली छातीशी धरून उभ्या राहिल्या. "मेरा शॅम्पू घोडी को? मैं खुद ईद-ईद को लगाती हूं!" पण शेवटी त्यांनीच बादलीत फेस करून ते केस धुतले, पंख्याखाली धरून वाळवले आणि आपल्या जुन्या कंगव्याने विंचरले. एवढ्या मायेने माझं सामान कुणी हाताळलेलं मी पाहिलं नव्हतं, मी धरून.

मन्सूरभाईंनी लाकडी गजाची मूठ खोलली. आत केस अडकवायला बारीक खाच होती आणि त्यात लाकडाची पाचर. पाचर काढताना फुटली. त्यांनी शिव्या न देता बांबूची नवी तासली. केसांच्या टोकाला दोऱ्याने गाठ मारली, गाठीवर राळ वितळवली, खाचेत बसवली, वरून पाचर दाबली. दुसरं टोक तीनदा निसटलं. चौथ्यांदा बसलं. पाच वाजता त्यांनी मुठीचा स्क्रू पिळला आणि केस एका सपाट, पांढऱ्या पट्टीसारखे ताणले गेले.

"वाजवा."

मी राळ घासली. नव्या केसांना फार राळ लागते. राळेच्या भुकटीने लालचा पांढरा झालेला कोट, अजूनही अंगात होता तो, झटकला आणि गज तारेवर ठेवला. खरखरला, मग धरला. एक लांब सूर निघाला.

मन्सूरभाई डोळे मिटून ऐकत होते. "आवाज निघाला," ते म्हणाले. "अच्छा-बुरा, ते आता तुमचं काम."

ते काम करायला माझ्याकडे एक संध्याकाळ उरली होती. घरी जाऊन ती मी वाजवण्यातच घालवली, हे नोंदवून ठेवतो. बोटांची कातडी मऊ पडली होती, ती सोलवटली.

रविवारी सकाळी गुरुजींच्या अंगणात मंडप होता. भजन झालं. मग मी माझं सामान मांडलं. शिकलो काहीच नव्हतो. स्पीकर टेबलावर, गुहेची डबी पायाशी, चिमटा लाकडी व्हायोलिनच्या मानेला, वायरी इकडून तिकडे. पाऊण तास गेला. मागे भात शिजून निवत होता. भजनी मंडळातल्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं, "हे लाइटीचे लायनीवाले आज काऊन आले?"

गिरजाबाई पुढे बसल्या होत्या. त्यांनी मान इकडे केली, तिकडे केली. "हेमराज, तो डबडा बाजूले घे ना. तू दिसूनच नाई राह्यला मले."

मी स्पीकर सरकवला. वायर निसटून खाली पडली, स्पीकरचा दिवा विझला. वाकून ती शोधायला लागलो तर सगळा मंडप माझ्या पाठीकडे पाहत होता. मला लाज वाटली. वायर तशीच राहू दिली, उभा राहिलो आणि गज ओढला.

मी गुरुजींनी स्वतः बांधलेली धून वाजवली. तिला नाव नव्हतं. शाळा सुटल्यावर ते वाजवायचे तीच. धून साधी आहे, पण शेवटाकडे ती एकदम वर चढते, आणि त्या चढावर मी कायम घसरतो. सूर जरा खालीच लागतो. त्या एका सुरासाठी मी बारीक तारा घेतल्या, मग जाड घेतल्या, खांद्याच्या पट्ट्या बदलल्या, कार्बनचा गज घेतला. चाळीस वर्षांत तो सूर एकदाही लागला नव्हता. त्या दिवशीही, नव्या केसांनी, सोललेल्या बोटांनी मी तिथपर्यंत बरा गेलो. आणि तिथंच पडलो.

धून संपली.  मी खाली पाहत होतो.

मग आवाज आला. गिरजाबाई हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "तिथीच!" त्या म्हणाल्या. "बरोबर तिथीच! तेही तिथीच पडत होते गा. जिंदगीभर. मी मने, अजी, तेवढं एक नीट करा ना. तर मनत, तलावाकडून हवा येते, तिच्यानं सूर खाली जाते."

मंडपातले जुने विद्यार्थी हसले. कुणी तरी "हो, हो, हवा!" म्हणालं. मी उभ्याचा खाली बसलो. जी चूक काढायला मी अर्धं आयुष्य सामान गोळा केलं, ती चूक नव्हतीच. तो एवढा एक धडा मी गुरुजींकडून अचूक शिकलो होतो. मला हसावं की रडावं कळेना. रंभाने मागून येऊन पाण्याचा तांब्या दिला, म्हणून दोन्ही टळलं.

जेवणं झाली. निघताना गिरजाबाईंनी मला दारापाशी थांबवलं. "घर लई चूप झालं हेमराज. रोज संध्याकाळी ते खरखर चालू राहे. कटाळा ये मले, मी भांडत राहे त्यायच्याशी. आता ऐकू नाई आलं तर भाताकडेही लक्ष लागत नाई." जरा थांबून म्हणाल्या, "रविवारी येत जा. मले ऐकवाचं नाई. तुझं तू वाजव, मी माझं काम करीन."

तेव्हापासून दर रविवारी जातो. फक्त लाकडी व्हायोलिन आणि एक गज घेऊन. बाकीचं सामान बसमध्ये मावत नाही, हे कारण मी लोकांना सांगतो. स्पीकर भजनी मंडळाला दिला. त्यांनी तो उलटा लावून पहिल्याच दिवशी जाळला. प्रफुल अधूनमधून फोन करून विचारतो, "काका, पुढच्या सीझनले घोडी धरता का? लोकं विचारून राह्यले." मी अजून नाही म्हणालेलो नाही.

मागच्या रविवारी गिरजाबाई ओसरीत सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मी धून वाजवत होतो, मनात परतीच्या बसचा विचार होता, आणि तो चढ आला, आणि सूर लागला. वर, जिथं लागायला पाहिजे तिथंच. मी दचकलोच.

गिरजाबाईंचा हात सुपात थांबला. "काय झालं?"

"सूर बरोबर लागला, बाई."

"असं होय." त्यांनी सूप एकदा पाखडलं. "मंग ते नाई वाटलं."

मला अपराध्यासारखं झालं. म्हटलं, थांबा, आणि पुन्हा वाजवली, मुद्दाम खाली लावायला गेलो. तर परत बरोबर. चार वेळा प्रयत्न केला. चाळीस वर्षं न मागता मिळालेली चूक आता मागून मिळेना.

"राहू दे," गिरजाबाई म्हणाल्या. "त्यायचं त्यायच्या संगं गेलं. हे आता तुझं झालं. वाजव."

मी पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. या वेळी चढ यायच्या कितीतरी आधी, साध्या सपाट जागी, जिथं मी जन्मात कधी चुकलो नव्हतो तिथं असा जोरात घसरलो की कौलावरचे कावळे उडाले.  सुपातला एक खडा उचलून गिरजाबाईंनी अंगणात टाकला आणि पुढचे तांदूळ पुढ्यात ओढले.